जलवाहिनीसाठी खणलेल्या चरात वडील पडले. भरपाईची जबाबदारी नेमकी कोणाची?

प्रश्न | वाटसरू

नमस्कार. आमच्या गल्लीत महानगरपालिकेने जुनी जलवाहिनी बदलण्याचे काम एका खासगी ठेकेदाराला दिले आहे. त्यासाठी रस्त्याच्या कडेने साधारण कमरेइतका खोल चर खणण्यात आला आणि पाइप न आल्यामुळे काम मध्येच थांबले. चराच्या एका बाजूला मातीचा ढीग होता आणि दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी प्लास्टिकची पट्टी बांधलेली होती. तीही एका टोकाला सुटून जमिनीवर लोळत होती. तेथील पथदिवा बंद होता. माझे वडील (वय ६८) रात्री औषधाच्या दुकानातून परत येताना त्या चरात पडले. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून आत सळई बसवावी लागली आणि त्यांना मधुमेह असल्यामुळे जखम भरून यायला फार वेळ लागतो आहे. ते घरीच शिवणकाम करतात. पायाने मशीन चालवणे आता पूर्ण बंद आहे.

प्रभाग कार्यालयात गेलो तेव्हा अभियंत्यांनी सांगितले की, करारनाम्यानुसार अपघाताची सर्व जबाबदारी ठेकेदाराची आहे, आणि बरे होण्यास लागणारा वेळ हा मधुमेहाचा परिणाम आहे, चराचा नव्हे. ठेकेदाराचा मुकादम म्हणतो की पट्टी बांधलेली होती, काकांनी पाहून चालायला हवे होते. पोलीस ठाण्यात नोंद झाली आहे, पण तेथेही पुढे काय होईल ते कोणी सांगत नाही.

आमचा महानगरपालिकेशी किंवा ठेकेदाराशी कोणताही करार नाही. मग आम्ही भरपाई कोणत्या आधारावर मागू शकतो, कोणाकडे मागायची, आणि अभियंता व मुकादम जे म्हणतात त्याला कायद्यात कितपत अर्थ आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ | विधी_अध्यापक

आपल्या वडिलांना लवकर आराम पडो. करार नसणे ही आपल्याला सर्वांत मोठी अडचण वाटते आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो. करारातील कर्तव्य दोन पक्ष आपसांत ठरवतात आणि ते एकमेकांपुरतेच असते. अपकृत्याच्या, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याला चुकीने हानी पोहोचवण्याच्या, कायद्यातील कर्तव्य मात्र कायदाच सर्वांवर घालतो, त्यासाठी संमती किंवा सही लागत नाही. जो सार्वजनिक रस्ता खणतो, त्याच्यावर त्या रस्त्याने जाणाऱ्यांची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य खणण्याच्या कृतीतूनच येते. गुन्ह्याचा विचार वेगळा आहे. तेथे राज्यसंस्था आरोपीला शिक्षा देऊ पाहते आणि आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात झालेले नुकसान कोणी सोसावे एवढाच प्रश्न असतो आणि संभाव्यतेचे पारडे वादीकडे झुकले तरी पुरते. त्यामुळे पोलिसांची कारवाई रेंगाळली, किंवा उद्या आरोपी निर्दोष सुटला, तरी आपला दावा त्यामुळे संपत नाही.

भारतात अपकृत्यांचा एकत्रित, संहिताबद्ध कायदा नाही. फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ साली दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता, पण तो कधी संमत झाला नाही. म्हणून आपली न्यायालये इंग्लंडमधील निवाड्यांतून आलेली तत्त्वे न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक या कसोटीवर घासून, येथील परिस्थितीला मानवतील तेवढी स्वीकारतात. आपल्या प्रकरणात शंभर वर्षांपूर्वीचे इंग्रजी निवाडे का वाचावे लागतात, याचे कारण हेच.

त्यांतला पायाभूत निवाडा १९३२ सालचा डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा आहे. स्कॉटलंडमधील पेझली गावच्या उपाहारगृहात एका स्त्रीसाठी तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअरची बाटली विकत घेतली. बाटलीच्या काचेतून आतले दिसत नव्हते, आणि अर्धे पेय संपल्यावर बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आल्याची त्या स्त्रीची तक्रार होती. तिने स्वतः काही विकत घेतले नव्हते, म्हणजे दुकानदाराशी किंवा उत्पादकाशी तिचा करार नव्हता. तरीही उत्पादकावर तिची काळजी घेण्याचे कर्तव्य असू शकते, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे ब्रिटनमधील सर्वोच्च अपील न्यायालय) तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने दिला. आपल्या कृतीचा किंवा हयगयीचा फटका ज्यांना बसेल हे आपल्याला वाजवीपणे दिसायला हवे, त्या सर्वांप्रति आपले कर्तव्य असते, हे लॉर्ड ॲटकिन यांनी तेथे मांडलेले तत्त्व आजही निष्काळजीपणाच्या प्रत्येक दाव्याच्या मुळाशी आहे.

दाव्यात चार गोष्टी एकमेकींना जोडून दाखवाव्या लागतात. कर्तव्य होते, ते मोडले गेले, त्या मोडण्यामुळेच इजा झाली, आणि ती इजा कायदा लक्षात घेतो अशा स्वरूपाची आहे. आपल्या प्रकरणात पहिल्या आणि शेवटच्या मुद्द्याविषयी फारसा वाद होणार नाही. खरी लढत दुसऱ्या मुद्द्यावर होईल, आणि मुकादमाचे म्हणणे तेथेच येते.

त्याबाबत हेली विरुद्ध लंडन इलेक्ट्रिसिटी बोर्ड हा १९६४ सालचा निवाडा आपण जरूर वाचावा, कारण तोही चराचाच आहे. वीज मंडळाच्या कामगारांनी लंडनमध्ये पदपथावर चर खणला आणि इशारा म्हणून माती ठोकण्याचे लांब दांड्याचे धुम्मस तिरके आडवे ठेवले. त्याचे एक टोक जमिनीवर टेकलेले होते आणि दुसरे कठड्यावर. डोळस माणसाला ते पुरेसे दिसले असते. पण तेथून रोज जाणाऱ्या एका अंध गृहस्थाची काठी दांड्याच्या वरूनच गेली, पाय दांड्याला अडकला, ते डोक्यावर आपटले आणि त्यांची श्रवणशक्ती गेली. धडधाकट पादचाऱ्यापुरती काळजी घेतली, हा मंडळाचा बचाव हाउस ऑफ लॉर्ड्सने नाकारला. शहराच्या रस्त्यावर अंध माणसे एकटी चालतात हे कोणालाही ठाऊक असते, म्हणून त्यांच्यासाठीही वाजवी काळजी घ्यायला हवी होती, असे न्यायालयाने म्हटले. ज्या रस्त्याने अंधारात वृद्ध माणसे औषध आणायला जातात, तेथे एका टोकाला सुटलेली प्लास्टिकची पट्टी ही वाजवी काळजी ठरते का, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते स्पष्टपणे नकारार्थी आहे. कठडा, परावर्तक फलक आणि रात्रीचा दिवा या स्वस्त आणि सर्वज्ञात गोष्टी आहेत. धोका जेवढा गंभीर आणि तो टाळण्याचा खर्च जेवढा कमी, तेवढे न टाळल्याचे समर्थन अवघड होत जाते.

आता अभियंत्यांच्या करारनाम्याविषयी. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या अपकृत्यासाठी मालक जबाबदार असतो. त्यामुळे मुकादम आणि मजूर यांच्या हयगयीसाठी ठेकेदार जबाबदार आहे, यात वाद नाही. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीसाठी काम देणारा सहसा जबाबदार नसतो, हेही खरे आहे. पण या नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. सार्वजनिक रस्त्यावर केले जाणारे, मुळातच धोका निर्माण करणारे काम हा त्यांपैकी एक. तेथे काळजी घेण्याचे कर्तव्य दुसऱ्याकडे सोपवून मोकळे होता येत नाही. हार्डेकर विरुद्ध आयडल डिस्ट्रिक्ट कौन्सिल या १८९६ सालच्या प्रकरणात स्थानिक संस्थेने मलवाहिनीचे काम ठेकेदाराला दिले होते. खोदकामात गॅसच्या नळाखालची माती नीट भरली गेली नाही, नळ फुटला, गॅस एका घरात शिरला आणि स्फोट झाला. ठेकेदाराकडे बोट दाखवूनही संस्था सुटली नाही. आपल्याकडील करारनाम्यातील कलमाचा अर्थ एवढाच की, भरपाई दिल्यानंतर महानगरपालिका ती ठेकेदाराकडून वसूल करू शकेल. तो त्या दोघांतला हिशेब आहे. आपले वडील त्या कराराचे पक्षकार नाहीत, त्यामुळे ते कलम त्यांच्यावर बंधनकारक नाही. दोघांनाही प्रतिवादी करावे. दोघांची हयगय सिद्ध झाल्यास ते संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार ठरतात, म्हणजे पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते.

उत्तर २ | नदीकाठ

वरील विवेचन उत्तम आहे, पण निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे एका जखमी वृद्धावर का टाकायचे, असा माझा प्रश्न आहे. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले आहे. धोकादायक काम करणाऱ्याने हानी झाल्यास कोणताही बचाव न सांगता भरपाई द्यावी, असे त्यात म्हटले आहे. खोल चर ही धोकादायकच गोष्ट आहे. मग तेच तत्त्व येथे का लावू नये?

उत्तर ३ | विधी_अध्यापक

आपली तळमळ मला पटते. तरीही हे तत्त्व येथे पुढे करणे धोक्याचे आहे, कारण ते टिकले नाही तर मूळ भक्कम मुद्दाही दुबळा दिसू लागतो.

दोष नसतानाही दायित्व येऊ शकते (कठोर दायित्व), ही कल्पना रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ सालच्या निवाड्यातली. लँकेशायरमधील एका गिरणीमालकाने आपल्या जागेत जलाशय बांधून घेतला. खालच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणींच्या विहिरींतून पाणी शेजाऱ्याच्या चालू खाणीत शिरले. मालकाची स्वतःची हयगय नव्हती, तरी तो जबाबदार ठरला, कारण निसटल्यास हानी करील अशी गोष्ट त्याने स्वतःच्या हेतूसाठी जमिनीवर आणून साठवली होती. या नियमाला दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य, वादीची संमती असे अपवाद होते. भोपाळच्या दुर्घटनेला जेमतेम एक वर्ष झाले असताना, डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये स्पष्ट केले की, घातक किंवा स्वभावतःच धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला हे अपवाद मिळणार नाहीत. विषारी वायू आणि रसायने हाताळणारा उद्योग, ज्यातून परिसरातील लोकांचे आरोग्य आणि जीव धोक्यात येतो, हा त्या निवाड्याचा विषय आहे. त्यातून पुढे १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमही आला. जलवाहिनीचा चर त्या वर्गात बसवणे मला ओढूनताणून वाटते. चराऐवजी तुटून लोंबणाऱ्या विजेच्या तारेने इजा झाली असती, तर गोष्ट वेगळी होती. वीज मंडळाच्या तारेचा धक्का लागून एका सायकलस्वाराचा मृत्यू झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली कठोर दायित्व लावले आणि तार त्रयस्थाने ओढली होती हा बचाव मानला नाही.

शिवाय सिद्धतेचे ओझे आपल्याला वाटते तेवढे जड नाही. काही अपघात असे असतात की त्यांच्या स्वरूपावरूनच हयगयीचे अनुमान निघते, आणि मग स्पष्टीकरण देण्याची वेळ प्रतिवादीवर येते. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली हेच केले. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, वापरलेल्या चुन्याचा विचार करता त्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचेच होते, आणि तो पूर्णपणे नगरपालिकेच्या ताब्यात होता. दोष वरून दिसत नव्हता, हे उत्तर चालले नाही. राजकोटमध्ये मात्र रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक वाटसरू दगावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली महानगरपालिकेला जबाबदार धरले नाही. प्रत्येक झाडाची सतत तपासणी करण्याचे कर्तव्य लादता येणार नाही आणि हे झाड अचानक पडले, असा त्यामागचा विचार होता. तो निकाल मला व्यक्तिशः कठोर वाटतो, पण महानगरपालिकेचे वकील तो हमखास पुढे करतील. त्याचे उत्तर तयार ठेवावे. झाड निसर्गाने वाढते आणि त्याचा रोग आत लपलेला असू शकतो. चर मात्र माणसांनी खणला, त्यांच्या माहितीने तो उघडा राहिला आणि काम थांबवण्याचा निर्णयही त्यांचाच होता.

पुरवणी प्रश्न | वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. मधुमेहाचा मुद्दा अजून मनात आहे. शिवाय एक गोष्ट लपवू इच्छित नाही. वडिलांच्या खिशात मोबाइल होता, पण त्यांनी त्याची बॅटरी लावली नव्हती, आणि चर खणलेला आहे हे त्यांना दिवसा पाहून माहीत होते. यामुळे दावाच फेटाळला जाईल का?

उत्तर ४ | दिवाणी_कक्ष

मी दिवाणी न्यायालयांत वकिली करते, म्हणून दोन्ही मुद्द्यांवर आणि त्यानंतरच्या कार्यवाहीवर लिहिते. प्रत्यक्ष सल्ला मात्र कागदपत्रे पाहून आपल्या गावातील वकिलांकडूनच घ्यावा.

मधुमेहाचा आक्षेप कायद्यात टिकत नाही. अपकृत्य करणाऱ्याला समोरचा माणूस आहे तसाच स्वीकारावा लागतो. तुमच्या जागी निरोगी माणूस असता तर तो लवकर बरा झाला असता, असे म्हणून रक्कम कमी करता येत नाही. इंग्लंडमधील १९६२ सालच्या एका निवाड्यात कामगाराच्या ओठावर वितळलेल्या धातूचा थेंब उडाला होता. त्याच्या पेशींत कर्करोगाची पूर्वावस्था आधीपासून होती, भाजल्यामुळे तो रोग बळावला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. भाजणे अपेक्षित होते, कर्करोग नव्हता, तरी मालकाला मृत्यूची भरपाई द्यावी लागली. येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. मधुमेहावर अपघाताआधीपासून जो खर्च होत होता, तो चराच्या नावावर मागता येणार नाही. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे की, जखम भरण्यातील विलंब अस्थिभंगाच्या उपचारांशी कसा निगडित आहे आणि त्यामुळे वाढलेला खर्च कोणता.

बॅटरी न लावणे आणि चर माहीत असणे, यावरून अंशदायी निष्काळजीपणाचा, म्हणजे जखमीचीही काही चूक होती असा, बचाव नक्की घेतला जाईल. त्याने दावा फेटाळला जात नाही. न्यायालय दोन्ही बाजूंच्या हयगयीचे प्रमाण ठरवते आणि तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी करते. धोका माहीत असणे म्हणजे तो पत्करण्याला संमती देणे नव्हे. घरी जायला तोच रस्ता असेल, तर संमतीचा बचाव जवळजवळ निरर्थक होतो. माझी आग्रहाची विनंती आहे की ही गोष्ट वकिलांपासून आणि न्यायालयापासून लपवू नये. उलटतपासणीत ती बाहेर आलीच, तर वडिलांच्या बाकीच्या खऱ्या साक्षीवरचा विश्वासही कमी होतो.

आता सर्वांत तातडीचे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार महानगरपालिकेविरुद्ध अशा दाव्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मुंबई महानगरपालिकेसाठी १८८८ च्या अधिनियमात कलम ५२७ हे तसेच आहे. आपल्या दाव्याला हे कलम लागू होत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण त्या भरवशावर मुदत जाऊ देऊ नये. ठेकेदाराविरुद्ध मुदत कायद्याने अधिक अवधी मिळतो. त्यामुळे अनेकांचा समज होतो की सर्वांविरुद्धच तेवढा अवधी आहे, आणि चांगले दावे मुदतीवर अडकतात. प्रभाग कार्यालयात दिलेला तक्रार अर्ज म्हणजे ही नोटीस नव्हे. नोटिशीत दाव्याचे कारण, मागितलेली दाद आणि नाव-पत्ता स्पष्ट असावा, आणि पोच जपून ठेवावी.

पुराव्यांबाबत, चर बुजवला जाण्याआधी त्याची खोली, पट्टीची अवस्था आणि बंद दिवा दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्यावी. जवळच्या दुकानाचे सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते आधी मागावे. माहिती अधिकारात कार्यादेश, निविदेच्या अटी आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागवाव्यात. कामाच्या जागी कठडे आणि दिवे लावण्याची अट निविदेत बहुधा असतेच. ती अट आपल्या हाती आली की कर्तव्यभंगाचा मुद्दा प्रतिवादींच्याच कागदावरून उभा राहतो. पथदिवा बंद असल्याची आधीची एखादी तक्रार शेजाऱ्यांपैकी कोणी केली असेल, तर तिचा क्रमांक शोधावा. वडिलांच्या उत्पन्नासाठी शिवणकामाची मापवही, ग्राहकांकडून बँकेत आलेल्या रकमा आणि दोन-तीन नेहमीच्या ग्राहकांची साक्ष उपयोगी पडेल. घरगुती धंद्याचे उत्पन्न सिद्ध करता येत नाही, असे समजून लोक ती मागणीच सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

दाव्याखेरीज आणखी एक वाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि इजा झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले. त्यासाठी महानगरपालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. न बुजवलेला चर त्या निर्देशांत येतो, असा मुद्दा मांडून अर्ज अवश्य करावा. मात्र तो अर्ज प्रलंबित आहे म्हणून दाव्याची मुदत थांबेल, असे गृहीत धरू नये.

एक सूचना राहिली. असे प्रकरण वाढू लागले की ठेकेदाराकडून थोडी रोख रक्कम आणि सोबत पावतीचा कागद येतो. त्यावर ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ असे वाक्य असेल तर सही करू नये. उपचारांसाठी तातडीची मदत घ्यायची झाल्यास ‘अंशतः, हक्क राखून’ असे लिहूनच घ्यावी. एका अपघाताची भरपाई एकदाच मागता येते, त्यामुळे पुढील शस्त्रक्रिया, सळई काढण्याचा खर्च आणि मशीन पुन्हा चालवता न आल्यास होणारे नुकसान हे सर्व याच दाव्यात मागावे लागेल. हाडांच्या डॉक्टरांकडून अपंगत्वाची टक्केवारी आणि पुढील उपचारांचा अंदाजे खर्च लेखी मिळेपर्यंत तडजोडीचा आकडा कोणालाही सांगू नये. नोटीस मात्र तोवर थांबवू नये, ती याच आठवड्यात पाठवावी.